नकाशांचे रूपांतर : फाइल बदलावी, जमीन बदलू नये



विकासाच्या नियोजनात नकाशाला आज जे स्थान प्राप्त झाले आहे, ते यापूर्वी क्वचितच होते. ग्रामीण रस्ता कोठून न्यावा, कालव्याचे पाणी कोणत्या गावांपर्यंत पोहोचेल, पुराच्या वेळी कोणती वस्ती आधी हलवावी, भूसंपादनात कोणत्या खातेदाराचे किती क्षेत्र जाते, या प्रश्नांची उत्तरे आता संगणकाच्या पडद्यावर एकावर एक ठेवलेल्या नकाशांच्या थरांतून शोधली जातात. या तंत्राला भौगोलिक माहिती प्रणाली किंवा संक्षेपाने जीआयएस असे म्हणतात. मात्र हे थर बहुधा एकाच कार्यालयात तयार झालेले नसतात. जमिनीचा नकाशा भूमी अभिलेख विभागाचा, वनक्षेत्राचा वन विभागाचा, रस्त्यांचा बांधकाम विभागाचा, तर लोकसंख्येची आकडेवारी जनगणना कार्यालयाची असते. प्रत्येकाची संगणक प्रणाली वेगळी, फाइलचे स्वरूप वेगळे आणि पुष्कळदा मोजमापाचा पायाही वेगळा असतो. हे थर एकत्र आणण्यापूर्वी त्यांचे रूपांतर करावे लागते. हे रूपांतर हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

एखादी फाइल उघडावी, ती दुसऱ्या स्वरूपात जतन करण्याची आज्ञा द्यावी आणि काम संपावे, अशी याबाबतची सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत अपुरी आहे. रूपांतराच्या प्रत्येक टप्प्यावर काही माहिती गळण्याची किंवा बदलण्याची शक्यता असते आणि संगणक त्याची वाच्यता करतोच असे नाही. या गळतीची किंमत फाइल तयार करणारा देत नाही. ज्याच्या शेताची हद्द सरकली, ज्याच्या गावाची लोकसंख्या तक्त्यात शून्य झाली, तो नागरिक देतो. म्हणून हा प्रश्न जेवढा संगणकशास्त्राचा आहे, तेवढाच सार्वजनिक अर्थव्यवहाराचाही आहे.

नकाशाच्या फाइलमध्ये काय असते?

जीआयएसमधील नकाशात साधारणपणे चार गोष्टी असतात. पहिली म्हणजे आकृती. विहीर हा बिंदू असतो, रस्ता ही रेषा असते आणि शेत किंवा गाव हा बंदिस्त बहुभुज असतो. दुसरी म्हणजे या आकृतीला जोडलेला गुणविशेषांचा तक्ता; त्यात गावाचे नाव, सांकेतिक क्रमांक, लोकसंख्या, सिंचित क्षेत्र अशा नोंदी असतात. तिसरी म्हणजे संदर्भ प्रणाली. फाइलमधील आकडे पृथ्वीवरील नेमक्या कोणत्या जागेकडे निर्देश करतात, हे ती सांगते. चौथी गोष्ट म्हणजे मांडणी, अर्थात रंग, चिन्हे आणि अक्षरांची ठेवण.

यापैकी मांडणी गेली तर नकाशा कुरूप होतो, परंतु चुकीचा होत नाही. आकृती, तक्ता किंवा संदर्भ यांपैकी काहीही बिघडले तर मात्र नकाशा दिसायला सुबक राहूनही खोटा ठरू शकतो. रूपांतर करणाऱ्याने हा भेद प्रथम ध्यानात घेतला पाहिजे.

स्वरूपे अनेक, गुणधर्म भिन्न

नकाशांच्या देवाणघेवाणीत सर्वांत रूढ झालेले स्वरूप म्हणजे 'शेपफाइल'. अमेरिकेतील एस्री या कंपनीने १९९० च्या दशकाच्या प्रारंभी ते आणले आणि १९९८ साली त्याची तांत्रिक रचना प्रसिद्ध केली. रचना खुली झाल्यामुळे इतर प्रणालींनाही ती वाचता येऊ लागली. नावात एक फाइल असली तरी प्रत्यक्षात ती किमान तीन फाइलींची जुडी असते : एकीत आकृती, दुसरीत अनुक्रमणिका आणि तिसरीत तक्ता. संदर्भ प्रणालीची नोंद चौथ्या, वेगळ्या फाइलमध्ये असते. ही चौथी फाइल ऐच्छिक असल्यामुळे अनेकदा ती पाठवायची राहून जाते. अशा वेळी नकाशा मिळतो, परंतु तो कोठला हे कळत नाही.

अभियंते वापरत असलेल्या ऑटोकॅडसारख्या आरेखन प्रणालींत रेषा अचूक असतात. मात्र त्यांना जोडलेला तक्ता बहुधा नसतो. तेथे रस्ता आणि नाला यांतील फरक थराच्या नावावरून किंवा रंगावरून ओळखला जातो. अशी फाइल जीआयएसमध्ये आणताना हा भेद तक्त्यात उतरवून घ्यावा लागतो. अन्यथा सर्व रेषा सारख्याच होतात. आरेखनातील वक्र कमानी अनेक स्वरूपांत छोट्या सरळ तुकड्यांनी दाखवाव्या लागतात, त्यामुळे लांबी आणि क्षेत्रफळ किंचित बदलते.

'केएमएल' हे स्वरूप उपग्रह प्रतिमांवर ठिकाणे दाखविण्यासाठी लोकप्रिय झाले आणि २००८ साली 'ओपन जिओस्पेशिअल कन्सॉर्शियम' या संस्थेने त्याला मानकाचा दर्जा दिला. १९९४ साली स्थापन झालेली ही संस्था भूस्थानिक माहितीसाठी खुली मानके ठरविते. संकेतस्थळांसाठी वापरल्या जाणाऱ्या 'जिओजेसन' या स्वरूपाचे तपशील २०१६ साली निश्चित झाले. ही दोन्ही स्वरूपे केवळ 'डब्ल्यूजीएस-८४' या जागतिक संदर्भ प्रणालीतील रेखांश आणि अक्षांश गृहीत धरतात. 'जिओपॅकेज' हे २०१४ चे मानक आकृती, तक्ता आणि संदर्भ या सर्व गोष्टी एकाच फाइलमध्ये ठेवते, त्यामुळे जुडीतील एखादी फाइल हरवण्याचा धोका उरत नाही.

एकाच जागेचे दोन पत्ते

अक्षांश आणि रेखांश सांगितले म्हणजे जागा निश्चित झाली, असे शालेय भूगोलात शिकविले जाते. ते पूर्णांशाने खरे नाही. पृथ्वी नेमकी गोल नसल्यामुळे तिच्या आकाराचे एखादे गणिती प्रतिमान गृहीत धरावे लागते. अशा चपट्या गोलाला गोलाभ म्हणतात. हा गोलाभ पृथ्वीशी कोठे आणि कसा जुळवला, यावरून मोजणीचा पाया ठरतो. त्याला डेटम असे म्हणतात. डेटम बदलला की त्याच जागेचे अक्षांश-रेखांशही बदलतात.

भारतात १८०२ साली विल्यम लॅम्बटन यांच्या नेतृत्वाखाली महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रारंभ झाला. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा १८३० चा गोलाभ भारतीय नकाशांचा पाया बनला. मध्य प्रदेशातील कल्याणपूर येथील स्थानक हा त्याचा आरंभबिंदू मानला गेला. भारतीय उपखंडाशी उत्तम जुळावा, या हेतूने हे प्रतिमान स्वीकारलेले होते. उपग्रहांवर आधारित जीपीएस मात्र डब्ल्यूजीएस-८४ ही प्रणाली वापरते. तिचा केंद्रबिंदू पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राशी जुळवलेला आहे. दोन्ही गोलाभांच्या विषुववृत्तीय त्रिज्येत आठशे मीटरहून अधिक फरक आहे आणि त्यांची केंद्रेही वेगळी आहेत.

परिणामी, एव्हरेस्ट प्रणालीतील अक्षांश-रेखांश जसेच्या तसे डब्ल्यूजीएस-८४ समजून वापरले, तर भारतात बहुतेक ठिकाणी जागा शंभर मीटर किंवा त्याहून अधिक सरकते. राष्ट्रीय महामार्गाच्या आराखड्यात शंभर मीटर म्हणजे एका खातेदाराऐवजी दुसऱ्याच खातेदाराची जमीन. जुन्या स्थलदर्शक नकाशांवरून अंकीय केलेल्या फाइली आजही अनेक कार्यालयांत आहेत. त्यांचा उपग्रह प्रतिमांशी मेळ घालताना हा प्रश्न हटकून उभा राहतो.

नाव बदलणे वेगळे, रूपांतर वेगळे

येथे विद्यार्थ्यांचा सर्वाधिक गोंधळ होतो. जीआयएस प्रणालीत दोन वेगळ्या आज्ञा असतात. एक आज्ञा फाइलला संदर्भ प्रणालीचे नाव देते. दुसरी आज्ञा त्या फाइलमधील प्रत्येक आकडा एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत गणिताने बदलते. पाच एकर जमिनीच्या उताऱ्यावर 'एकर' हा शब्द खोडून 'हेक्टर' लिहिला, तर जमीन वाढत नाही. केवळ नोंद खोटी होते. खरे रूपांतर केले तर पाच एकरांचे सुमारे २.०२ हेक्टर होतात. नकाशाच्या बाबतीत पहिली आज्ञा शब्द बदलणारी आहे, तर दुसरी आकडे बदलणारी. फाइलला मुळात नाव नसेल तेव्हाच, आणि खरे नाव ठाऊक असेल तरच, पहिली आज्ञा वापरावी. जागतिक प्रणालीत नेण्यासाठी दुसरीच आज्ञा आवश्यक असते.

गोल पृथ्वी सपाट कागदावर आणण्यासाठी प्रक्षेपण वापरले जाते. 'यूटीएम' या प्रक्षेपणात पृथ्वीचे प्रत्येकी सहा अंश रेखांशाचे ६० पट्टे कल्पिलेले आहेत. भारत ४२ ते ४७ या पट्ट्यांत येतो. त्यांतील ४३ आणि ४४ या पट्ट्यांची सीमा असलेले ७८ अंश पूर्व रेखावृत्त उत्तराखंड, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, महाराष्ट्रातील विदर्भ असे करत तमिळनाडूपर्यंत जाते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे मुख्यालय असलेले डेहराडून या रेखावृत्ताच्या किंचित पूर्वेला आहे. यवतमाळ जिल्ह्याचे तर हे रेखावृत्त दोन भाग करते. प्रत्येक पट्ट्यात तेच आकडे पुन्हा येत असल्यामुळे पट्ट्याचा क्रमांक चुकला की जागा सहा अंशांनी सरकते. चव्वेचाळिसाव्या पट्ट्यातील नागपूर त्रेचाळिसाव्या पट्ट्यात वाचले गेले, तर ते सुमारे ६२० किलोमीटर पश्चिमेला, गुजरातमधील बारडोलीच्या परिसरात जाऊन पडते.

अक्षांश आणि रेखांश यांच्या क्रमाचेही तसेच आहे. काही स्वरूपे अक्षांश आधी लिहितात, तर जिओजेसन आणि केएमएल रेखांश आधी लिहितात. नागपूरच्या बाबतीत हा क्रम उलटला तर शहर थेट आर्क्टिक महासागरातील स्वालबार्ड द्वीपसमूहात पोहोचते.

अशा चुका मोठ्या असतात, म्हणूनच त्या पहिल्याच दृष्टिक्षेपात लक्षात येतात. धोका असतो तो लहान चुकांचा. नागपूर बारडोलीत गेलेले सर्वांना दिसते. शेत शंभर मीटर सरकलेले मात्र पडद्यावर दिसत नाही आणि तोच नकाशा पुढे निर्णयाचा आधार बनतो.

क्षेत्रफळाची चूक ही याच जातीची आहे. संकेतस्थळांवरील नकाशांसाठी रूढ असलेले 'वेब मर्केटर' हे प्रक्षेपण विषुववृत्तापासून दूर जावे तसे क्षेत्र फुगवून दाखविते. त्यात थेट क्षेत्रफळ मोजले तर प्रत्यक्षातील १०० हेक्टर नागपूरच्या अक्षांशावर सुमारे ११५ हेक्टर, तर श्रीनगरच्या अक्षांशावर सुमारे १४६ हेक्टर भरतात. भरपाईचा हिशेब ज्या देशात हेक्टरवर ठरतो, तेथे हा फरक दुर्लक्षणीय नाही. क्षेत्रफळ मोजण्यापूर्वी नकाशा योग्य यूटीएम पट्ट्यात किंवा क्षेत्र कायम राखणाऱ्या प्रक्षेपणात नेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

उंचीचा हिशेब

डेटमचा प्रश्न केवळ आडव्या अंतरापुरता मर्यादित नाही. उंची मोजतानाही तोच प्रश्न उभा राहतो. याचे बोलके उदाहरण युरोपात घडले. जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्या सीमेवर ऱ्हाइन नदीवर लाउफेनबुर्ग येथे पूल बांधला जात होता. जर्मनी आणि स्वित्झर्लंड वेगवेगळ्या समुद्रांच्या सरासरी पातळीपासून उंची मोजतात आणि त्यांच्या मोजणीत २७ सेंटिमीटरचा फरक आहे. हा फरक अभियंत्यांना ठाऊक होता. परंतु दुरुस्ती करताना बेरीज-वजाबाकीचे चिन्ह उलटे झाले आणि २००३ साली दोन्ही बाजूंच्या पातळीत ५४ सेंटिमीटरची तफावत उघड झाली. माहितीचा अभाव नव्हता. रूपांतराची दिशा चुकली होती.

भारतात हा विषय अधिक महत्त्वाचा आहे. जीपीएस दाखविते ती उंची गोलाभापासूनची असते, तर पाटबंधारे आणि रेल्वे यांच्या कामात समुद्रसपाटीपासूनची उंची लागते. दक्षिण भारतात या दोहोंतील फरक ऐंशी-नव्वद मीटरपर्यंत जातो. शिवाय तो सर्वत्र सारखा नसून प्रदेशागणिक बदलतो. पाणी उताराने वाहते. कालव्याचा उतार तर किलोमीटरमागे काही सेंटिमीटरच असतो. तेव्हा दोन प्रकारच्या उंचींची सरमिसळ झाली, तर आराखड्यात वाहणारे पाणी शेतापर्यंत पोहोचणार नाही.

तक्त्यातील मूक हानी

आकृतीतील चूक नकाशावर निदान दिसण्याची शक्यता असते. तक्त्यातील हानी मात्र पूर्णपणे मूक असते. शेपफाइलचा तक्ता जुन्या डीबेस प्रणालीच्या नियमांनी बांधलेला आहे. त्यात स्तंभाच्या नावाला केवळ दहा अक्षरांची मर्यादा आहे. इंग्रजीतील 'पॉप्युलेशन' या शब्दात नेमकी दहा अक्षरे आहेत. 'पॉप्युलेशन २००१' आणि 'पॉप्युलेशन २०११' असे दोन स्तंभ शेपफाइलमध्ये नेले, तर वर्ष गळून पडते. एक स्तंभ मूळ शब्दाचा आणि दुसरा काही तरी क्रमांक जोडलेला, असे दोन जुळे उरतात. कोणता स्तंभ कोणत्या जनगणनेचा, याची खूण राहत नाही. वाढीचा दर काढताना हे दोन स्तंभ उलटे धरले गेले, तर वाढलेले गाव घटलेले दिसू लागते.

भारतीय भाषांची अडचण याहून मोठी आहे. युनिकोडच्या प्रचलित संकेतन पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते. त्यामुळे दहा बाइटांच्या मर्यादेत तीनच चिन्हे बसतात. 'लोकसंख्या' हा शब्द तेथे मावत नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वी विशिष्ट फॉन्ट वापरून टंकलिखित केलेल्या गावांच्या नावांची स्थिती आणखी कठीण आहे. अशा फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेत साठविलेले असतात. त्यावर तो फॉन्ट चढविला तरच देवनागरी दिसते. फॉन्ट नसेल तर नावाऐवजी निरर्थक अक्षरे उमटतात. नाव वाचता आले नाही की दोन तक्ते जोडता येत नाहीत.

नावांऐवजी सांकेतिक क्रमांक वापरणे हा त्यावरचा मार्ग आहे. जनगणनेचे क्रमांक आणि पंचायत राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेचे क्रमांक त्यासाठी उपयोगी पडतात. मात्र तेथेही दक्षता हवी. २०११ च्या जनगणनेत जम्मू आणि काश्मीरचा क्रमांक '०१' होता. आकडेवारीच्या साध्या तक्त्यात नेताना संगणक त्याला संख्या समजून पुढचे शून्य काढून टाकतो आणि '०१' व '१' यांची जुळणी होत नाही. क्रमांक दिसायला संख्या असला, तरी तो नावच आहे; म्हणून तो अक्षरांच्या स्तंभातच ठेवला पाहिजे.

सर्वांत गंभीर बाब म्हणजे रिकाम्या नोंदीची. 'माहिती उपलब्ध नाही' आणि 'शून्य' यांत महदंतर आहे. परंतु जुन्या तक्त्यांत रिकाम्या संख्येची सोय नीट नसल्यामुळे रूपांतरानंतर तिच्या जागी शून्य येऊन बसते, असे घडते. मग ज्या विहिरीची पाणीपातळी मोजलीच गेली नाही तिची पातळी शून्य ठरते, आणि ज्या वस्तीची गणना झाली नाही ती निर्मनुष्य ठरते. सरासरी काढताना हे शून्य हिशेबात येते आणि तालुक्याचा निष्कर्षच बदलतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने कोणतीही आकडेवारी वापरण्यापूर्वी त्यातील शून्य खरे आहे का, हे तपासण्याची सवय लावून घेतली पाहिजे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीतून

नकाशाची माहिती ही सार्वजनिक वस्तूच्या जवळ जाणारी आहे. ती एकदा तयार झाली की आणखी एका विभागाने वापरल्यामुळे संपत नाही किंवा झिजत नाही. मोजणीचा खर्च मोठा, पण पुनर्वापराचा खर्च नगण्य, हे तिचे वैशिष्ट्य. स्वरूपे परस्परांशी जुळत नसतील तर मात्र प्रत्येक वापरकर्त्याला रूपांतराचा खर्च नव्याने करावा लागतो. हा व्यवहार खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात वेगळा दिसत नाही. तो विलंबाच्या, दुबार मोजणीच्या आणि न्यायालयीन वादांच्या रूपाने समाज भरत असतो.

साधे गणित पाहावे. दहा विभागांची दहा वेगळी स्वरूपे असतील आणि प्रत्येकाला इतर नऊ जणांची माहिती हवी असेल, तर रूपांतराचे ९० मार्ग सांभाळावे लागतात. सर्वांनी एक समान स्वरूप मान्य केले, तर प्रत्येक विभागाला त्यात जाण्याचा आणि त्यातून येण्याचा असे दोनच मार्ग लागतात; एकूण संख्या २० वर येते. विभाग वीस झाले तर हे आकडे अनुक्रमे ३८० आणि ४० होतात. खुल्या मानकांचा आग्रह धरण्यामागील आर्थिक तर्क एवढ्या गणितात सामावलेला आहे.

दुसरा मुद्दा विक्रेत्याशी जखडले जाण्याचा. माहिती एखाद्या बंदिस्त स्वरूपात अडकली की प्रणाली बदलण्याचा खर्च वाढतो आणि पुढील खरेदीत शासनाची सौदाशक्ती घटते. रचना खुली असेल तर स्पर्धेला वाव राहतो. १९९८ साली सुरू झालेले 'जीडॅल' हे रूपांतराचे मुक्त साधन आणि २००२ साली सुरू झालेली 'क्यूजीआयएस' ही मुक्त प्रणाली यांमुळे आज ग्रामपंचायतीला किंवा महाविद्यालयालाही परवाना शुल्काशिवाय हे काम करता येते. साधन फुकट मिळाले तरी जाणकार मनुष्यबळ फुकट मिळत नाही, याचे भान मात्र ठेवावे लागेल.

धोरणात्मक वाटचाल

भारतात या प्रश्नाची दखल टप्प्याटप्प्याने घेतली गेली. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणविषयक आणि खुली अशा दोन नकाशा मालिका निश्चित केल्या. खुल्या मालिकेसाठी डब्ल्यूजीएस-८४ आणि यूटीएम यांचा स्वीकार करण्यात आला. नागरी वापरातील नकाशे आणि जीपीएस यांचा पाया एक होण्याच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचा होता. विविध संस्थांकडील माहितीची देवाणघेवाण सुलभ व्हावी, यासाठी राष्ट्रीय भूस्थानिक माहिती संरचनेला २००६ साली मान्यता मिळाली. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्थांवरील पूर्वपरवानगीची बंधने मोठ्या प्रमाणात दूर केली. त्यानंतर डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण अधिसूचित झाले. २०३० पर्यंत नागरी आणि ग्रामीण भागांचे ५ ते १० सेंटिमीटर, तर वने व पडीक क्षेत्रांचे ५० ते १०० सेंटिमीटर इतक्या सूक्ष्मतेचे सर्वेक्षण करण्याचे उद्दिष्ट त्यात आहे.

२४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांचे नकाशे तयार करून मालमत्ता पत्रके देण्यात येतात. १३ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेल्या पीएम गतिशक्ती राष्ट्रीय बृहत् आराखड्यात प्रारंभी १६ मंत्रालयांचे नियोजन एका नकाशामंचावर आणण्याचा संकल्प होता. अशा मंचाचे यश सर्व थर एकाच संदर्भात नेमके बसण्यावर अवलंबून असते. 'भू-आधार' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भूखंड ओळख क्रमांकाचे उदाहरण तर अधिक थेट आहे. हा १४ अंकाक्षरी क्रमांक भूखंडाच्या कोपऱ्यांच्या अक्षांश-रेखांशांवर आधारलेला असतो. कोपऱ्यांचे आकडे चुकीच्या डेटममधून आले, तर चूक नकाशापुरती न राहता जमिनीच्या ओळखीतच शिरते.

सूक्ष्मता वाढली की रूपांतराची जबाबदारीही वाढते. पाच सेंटिमीटरच्या मोजणीला शंभर मीटरच्या बेफिकिरीची जोड मिळाली, तर मोजणीवरील सारा खर्च वाया जातो.

रूपांतराच्या कसोट्या

प्रशासनात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना स्वतः संगणकावर रूपांतर करावे लागेलच असे नाही. मात्र रूपांतरित नकाशावर स्वाक्षरी करण्याची वेळ त्यांच्यावर निश्चित येईल. त्यासाठी काही कसोट्या ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवावी आणि रूपांतर नेहमी प्रतीवर करावे. दुसरी, मूळ संदर्भ प्रणाली कागदोपत्री निश्चित करावी. अंदाजाने नाव देऊ नये. प्रत्येक प्रणालीला 'ईपीएसजी' हा आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो. डब्ल्यूजीएस-८४ च्या अक्षांश-रेखांशांसाठी तो ४३२६, तर उत्तर गोलार्धातील त्रेचाळिसाव्या यूटीएम पट्ट्यासाठी ३२६४३ आहे. हा क्रमांक पत्रव्यवहारात नमूद करावा. तिसरी, रूपांतरापूर्वीची आणि नंतरची भूखंडांची संख्या, एकूण क्षेत्रफळ आणि तक्त्यातील बेरजा ताडून पाहाव्यात. चौथी, रिकाम्या नोंदी आणि शून्ये किती होती व किती झाली, हे मोजावे. पाचवी, जमिनीवर सहज सापडतील अशी काही ठिकाणे, म्हणजे पूल, रस्त्यांचे छेद, सर्वेक्षणाचे दगड, निवडून त्यांचे स्थान प्रत्यक्ष तपासावे. सहावी, अक्षांश-रेखांशांतील दशांश स्थळे अकारण कमी करू नयेत. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर; त्या हिशेबाने पाचवे दशांश स्थळ सुमारे एक मीटरचे, तर तिसरे सुमारे १११ मीटरचे असते. सातवी, रूपांतर कोणी, केव्हा, कोणत्या प्रणालीने आणि कोणत्या गुणांकांनी केले याची नोंद फाइलसोबत ठेवावी. माहितीविषयीच्या या माहितीला मेटाडेटा म्हणतात. पुढे कोणी हरकत घेतली, तर उत्तर या नोंदीतूनच देता येते.

या सर्व कसोट्यांना मिळून फारसा वेळ लागत नाही आणि खर्चही अल्प येतो. मोजणीच्या दुरुस्तीसाठी कार्यालयात खेटे घालणाऱ्या खातेदाराचा वेळ मात्र मोठा असतो आणि तो कोणत्याही हिशेबात धरला जात नाही. भूमी अभिलेखांच्या जुन्या व्यवस्थेत नकाशावर मोजणीदाराचे नाव, तारीख आणि प्रमाण लिहिण्याची शिस्त होती. कागद फाइलमध्ये गेला तेव्हा ही शिस्त मागे राहता कामा नये. एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत जाताना नकाशाचे रंग बदलोत, स्वरूप बदलो. परंतु शेताचा बांध जमिनीवर जेथे आहे तेथेच तो फाइलमध्येही राहिला पाहिजे, आणि तो राहिला आहे हे दाखविण्याची जबाबदारी रूपांतर करणाऱ्या यंत्रणेची आहे.